वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवू नका

फायबरचं कनेक्शन जोडायला आलेला माणूस घाईत असतो. राउटरचा डबा भिंतीवर लावायचा, नेटवर्कला घरमालकाचं आडनाव द्यायचं, पासवर्डच्या जागी मोबाइल नंबर टाकायचा, व्हिडिओ चालतोय हे दाखवायचं आणि निघायचं. नंतर वर्षानुवर्षं त्या सेटिंग्ज कुणी उघडत नाही. बाकीचं सवडीने बदललंत तरी चालेल, पण तो नंबर आजच काढा.

फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये चार छोटे संदेश जातात-येतात. त्यांत पासवर्ड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे पडताळण्याइतपत माहिती असते. खाली पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसालाही हे संदेश पकडता येतात. पुढचं काम तो घरी जाऊन निवांत करतो, राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षापद्धतीत प्रत्येक अंदाजामागे ४,०९६ फेऱ्यांचं गणित आहे, तरीही चांगलं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. आपला मोबाइल नंबर दहा आकडी, त्यातला पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे शक्यता ४०० कोटी. सेकंद झाले ४,०००. सव्वा तासाच्या आत भारतातले सगळे संभाव्य नंबर तपासून होतात. शिवाय तुमचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेच, त्यामुळे शेजाऱ्याला एवढंही करावं लागत नाही.

आता पासवर्ड कसा निवडायचा ते. नियमाप्रमाणे तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो आणि रोमन अक्षरं, आकडे, साधी चिन्हं एवढंच त्यात चालतं. शब्दकोश चार वेळा कुठेही उघडा, डोळे मिटून बोट ठेवा आणि आलेले चार शब्द मध्ये आडवी रेघ देऊन रोमनमध्ये लिहा: तिरफळ, उंबरा, घुंगरू, दोरखंड असे. वीस हजार शब्दांच्या कोशातून असे चार शब्द काढले, तर त्याच ग्राफिक्स कार्डाला सगळ्या जोड्या तपासायला पाच हजार वर्षं लागतील. मात्र शब्द खरोखर बोट ठेवूनच निवडा. मनाला सुचलेले शब्द इतरांनाही सुचतात. देवांची नावं, घोषणा आणि मुलांच्या जन्मतारखा सगळ्यात आधी तपासल्या जातात. घुंगरूचं स्पेलिंग एकदा ठरलं की कागदावर लिहून राउटरजवळच्या कपाटात आतून चिकटवा. घरातला कागद बाहेर बसलेल्याला दिसत नाही.

सेटिंग्ज उघडायला ब्राउझरमध्ये राउटरच्या खालच्या लेबलवरचा पत्ता टाका, बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. शक्य असेल तर लॅपटॉप लॅन केबलने जोडा, कारण सेव्ह केल्याबरोबर वायफाय तुटतं. आत शिरल्यावर आधी या पानाचाच लॉगिन पासवर्ड बदला. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि पुष्कळ घरांत अजून ‘अ‍ॅडमिन’च असतो. मग वायरलेस सिक्युरिटीवर या. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन लहरपट्ट्यांची (बँडची) पानं अनेक राउटरवर वेगळी असतात. एकच बदललं तर दुसऱ्या बँडवर जुना नंबर तसाच राहतो, आणि ही चूक फार होते.

यादीत डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षापद्धत दिसली तर तिकडे पाहूही नका. ती २००१ सालीच फुटली आहे. ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिक्स्ड’ आणि ‘टीकेआयपी+एईएस’ हेही सोडा. टीकेआयपी ही माहिती गुप्त करण्याची जुनी पद्धत, एईएस नवी; फक्त एईएस ठेवा. टीकेआयपीवर जोडलेल्या उपकरणाचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, हातात त्याच्या निम्माच पडतो. शंभरचा प्लॅन घेऊनही वीस-पंचवीसच मिळत असतील तर हेही कारण तपासा.

डब्ल्यूपीए-३ ही नवी सुरक्षापद्धत मिळत असेल तर जरूर घ्या. त्यात संदेश पकडून घरी अंदाज लावण्याची वाटच बंद होते, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी बोलावं लागतं. अडचण येते ती स्मार्ट बल्ब, जुने प्रिंटर आणि स्वस्त कॅमेऱ्यांची. त्यांतले बरेच फक्त २.४ वर आणि डब्ल्यूपीए-२ वरच चालतात. त्यांच्यासाठी ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ हा मिश्र पर्याय आहे. पण त्या पर्यायात डब्ल्यूपीए-२ ने जोडलेल्या बल्बचे संदेश आधीसारखेच पकडता येतात आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच असतो. त्यामुळे मिश्र पर्यायात चार शब्दांची गरज तितकीच राहते. इथे पीएमएफ नावाचा, जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांना संरक्षण देणारा पर्याय ‘कॅपेबल’वर ठेवा, ‘रिक्वायर्ड’ केल्यावर जुनी उपकरणं जोडलीच जात नाहीत.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणून दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा पिन सापडला की राउटर स्वतःच पासवर्ड सांगून टाकतो, मग तो कितीही लांबलचक असो.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (उपकरणाचा ओळख-क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, पाहून प्रवेश देणं) यांवर वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाव आणि मॅक पत्ते दोन्ही हवेत उघडेच फिरतात. वर आजकालचे फोन आपला मॅक पत्ता बदलून दाखवतात, त्यामुळे फिल्टर घरच्यांनाच बाहेर ठेवतो.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे मुख्य नेटवर्कपासून वेगळं ठेवलेलं वायफाय, सुरू करा, कॅमेरेही तिथेच टाका. टीव्ही मात्र मुख्य नेटवर्कवर ठेवा, नाहीतर फोनवरचं चित्र टीव्हीवर पाठवता येणार नाही.

वेगळा राउटर विकत घेऊन लावला असेल तर कंपनीच्या मूळ डब्याचं वायफाय बंद केलंय का ते पाहा. बहुतेक वेळा ते चालूच असतं, मोबाइल नंबरच्या पासवर्डसकट. दुरुस्तीला आलेल्याने डबा रीसेट केला तरी सगळं मूळ पदावर येतं, म्हणून तो गेल्यावर दोन्ही बँड आणि डब्ल्यूपीएस पुन्हा उघडून बघा.