तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींवर संशोधन कशाला?

मी विद्यापीठात आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या अभ्यासांची आकडेमोड सांभाळते, हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, आणि तेही जरा हसूनच: "नीट झोपावं, मन लावून अभ्यास करावा, हे का कुणाला सांगावं लागतं? त्यासाठी विद्यापीठांनी वर्षानुवर्षं पैसा कशाला ओतायचा?"

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की स्वतःच्या शरीराबद्दल आणि डोक्याबद्दल आपण जी साक्ष देतो ती फार बेभरवशाची असते. खोटं कुणीच बोलत नसतं. आतून दिसतच नाही.

झोपेचं बघा. "मला सहा तास पुरतात" असं छातीठोकपणे सांगणारे तुम्हालाही माहीत असतील. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसं. काहींना सलग १४ रात्री आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चारच. आणि एका गटाला तीन रात्री झोपूच दिलं नाही. पडद्यावर खूण उमटली की बटण दाबायचं, अशी साधी, कंटाळवाणी परीक्षा दिवसभर अधूनमधून घ्यायची. सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांच्या हातून खुणा निसटायला लागल्या आणि ते प्रमाण दिवसागणिक वाढत गेलं. शेवटी शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री टक्क जागलेल्या माणसासारखी झाली होती. पण त्याच माणसांना "झोप येतेय का?" असं विचारलं, तर उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ तिथंच थांबलेलं. कामगिरी घसरत होती आणि त्यांना वाटत होतं, सवय झाली. निव्वळ विचारून हा अभ्यास केला असता तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता.

अभ्यासाच्या बाबतीतही हीच तऱ्हा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने तीन-चार वेळाच वाचला आणि मग तीनदा, पुस्तक मिटून, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला पुढे किती आठवेल याचा अंदाजही आधी विचारून ठेवला होता. जास्त खात्री कुणाला होती? वाचणाऱ्यांना! ओळखीचा झालेला मजकूर पाठ झाल्यासारखा वाटतो, म्हणून तर परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या रेघांनी रंगवलेली पुस्तकं उघडून बसतात मुलं.

इथवर नुकसान मार्कांचं. पण "सगळ्यांना माहीत असतं" हे वाक्य ऐकलं की मला तान्ह्या बाळांचीच आठवण होते. बाळाला पालथं झोपवावं, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत जवळपास अर्धं शतक दिला जात होता. कारणं अगदी पटण्यासारखी होती: उताणं बाळ ओकलं तर गुदमरेल, शिवाय पालथं ठेवलं की ते गाढ झोपतं. गाढ झोपतं हे खरंच होतं, कुठल्याही आईला दिसत होतं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या पीटर फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी झोपेत अचानक दगावलेल्या बाळांची तुलना धडधाकट बाळांशी केली आणि १९९० मध्ये दाखवून दिलं, की पालथ्या झोपण्यात धोका कितीतरी पटींनी जास्त आहे. १९९१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २००५ मध्ये समोर आली. तोवरचे सगळे अभ्यास एकत्र मांडल्यावर लक्षात आलं, की हा धोका १९७० च्या सुमारासच दिसण्यासारखा होता. तेव्हाच कुणी ती बेरीज केली असती तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त बाळं वाचली असती, असा अंदाज आहे.

आता तुम्ही म्हणाल, समाधानाचं काय? ते तर माणसालाच विचारावं लागणार. मान्य. तिथे दुसरा साक्षीदारच नाही, म्हणून माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग तोच. "एकंदरीत सुखी आहात का?" असं विचारलं की माणूस शोभेलसं उत्तर देतो. म्हणून मग भलत्याच वेळी गाठून विचारायचं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना फोनवरून असंच गाठलं. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि असं भरकटलेलं असताना लोक कमी आनंदी होते.

फक्त असे सारखे फोन वाजायला लागले की लोक वैतागतात आणि अभ्यास सोडून देतात. सोडतात कोण? जे आधीच गांजलेले, आजारी, कामाने पिचलेले आहेत, तेच बहुधा. मग उरलेल्यांची सरासरी काढली की जग आहे त्यापेक्षा सुखी दिसतं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने १९७२-७३ मध्ये डनेडिन शहरात जन्मलेल्या १,०३७ जणांचा माग आजवर सोडलेला नाही. त्यातले कितीतरी देशोदेशी पांगलेत; त्यांना प्रवासखर्च देऊन तपासणीसाठी परत आणतात. पंचेचाळिशीच्या फेरीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के हजर होते. कुठलाही दीर्घकालीन अभ्यास हातात आला की निष्कर्षांच्या आधी मी हाच आकडा शोधते: सुरुवातीला किती होते, शेवटी किती उरले. तो दिलेला नसेल तर पुढचं वाचत नाही.