पिंपातून दिसणारा डोंगर

यावल तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागेतून उत्तरेला सातपुडा दिसतो, पण घड कापण्याच्या दिवसांत त्याच्याकडे पाहायला कोणालाही सवड नसते. खांद्यावर घड घेऊन निघालेल्या माणसाच्या मागे तो नुसता असतो. जपानी लाकूडठशांच्या चित्रांतला फुजी पर्वत मला समजला तो या ओळखीमुळे.

होकुसाई या जपानी चित्रकाराने सत्तरीच्या उंबरठ्यावर, १८३०च्या सुमारास, फुजीची चित्रमालिका सुरू केली. तिच्या नावात दृश्ये छत्तीस आहेत, चित्रे मात्र मागणीमुळे ४६ झाली. त्यातल्या एका चित्रात एक कारागीर तळ नसलेल्या प्रचंड लाकडी पिंपात बसून आतली बाजू तासतो आहे आणि पिंपाच्या गोलातून, दूर शेतांच्या कडेला, फुजीचा नखाएवढा त्रिकोण दिसतो. कारागिराचे लक्ष हत्यारावर आहे. देशातला सर्वांत उंच, ३,७७६ मीटरचा आणि पूज्य मानलेला डोंगर इतका लहान काढण्याचे धाडस मला थोर वाटते, कारण त्यामुळे डोंगर हा देखावा न राहता कष्टाचा मूक साक्षीदार होतो. त्याच मालिकेतल्या, काजिकाझावा या ठिकाणच्या चित्रात तर खडकावर उभ्या कोळ्याच्या हातातले ताणलेले दोर आणि खालचा खडक मिळून फुजीचाच आकार पुन्हा उभा राहतो.

होकुसाईच्या जगभर गाजलेल्या लाटेच्या चित्रातही हेच आहे. (ते चहाच्या कपांवर इतके छापले गेले आहे की लाटेखालचा डोंगर शोधायचा असतो, हेच लोक विसरले.) लाट क्षणात फुटणार, होड्यांतली माणसे वाकून जीव मुठीत धरून बसलेली, आणि मागे फुजी स्थिर. एका जुन्या जपानी कथेत सम्राट अमरत्वाचे औषध याच शिखरावर जाळायला लावतो, आणि पर्वताच्या नावाचा संबंध ‘अमर’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. लाकूडठशांच्या या चित्रप्रकाराला ‘उकियो-ए’ म्हणतात; त्यातला ‘उकियो’ हा शब्द मात्र आधी दुःखमय जगासाठी होता आणि पुढे तरंगत्या, क्षणभंगुर जगासाठी रूढ झाला.

याच प्रकारातला दुसरा चित्रकार हिरोशिगे, त्याचा निसर्ग निराळा आहे. १८५७च्या त्याच्या चित्रात शिन-ओहाशी पुलावर अचानक सर कोसळते आणि माणसे अंग चोरून पळतात; तिथे कायमचे असे काहीच नाही. मला ते चित्र आवडते, पण मृगात सातपुड्यावर आभाळ उतरले की आठवते ते होकुसाईचे वादळ, ज्यात पायथ्याच्या काळोखात वीज चमकते आणि वरचे शिखर स्वच्छ उन्हात असते.