आप्पांची दोरी आणि ब्रेकचं स्पेलिंग

सकाळी सहाला शिफ्ट बदलते. रात्रीच्या माणसानं वहीत काय लिहून ठेवलंय ते आधी वाचायचं आणि मगच मशीनला हात लावायचा, हा इंग्लंडमधल्या आमच्या प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागाचा, नियम. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी वहीत चारच शब्द होते: 'चेक ब्रेक प्रेस फोर'. त्यातला 'ब्रेक' लिहिला होता बी-आर-ई-ए-के असा. म्हणजे तुटणं. आमचा फिटर टॉर्च घेऊन चार नंबरच्या प्रेसभोवती दीड तास तडा शोधत फिरला. तडा काही सापडेना, म्हणून प्रेस सुरू करायच्या बेतात होते. तेवढ्यात मी रात्रपाळीवाल्याच्या घरी फोन लावून त्याला झोपेतून उठवलं. त्याला म्हणायचं होतं बी-आर-ए-के-ई. मशीन थांबवणारा ब्रेक. वर थांबायला हवी ती स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा भाग, थोडी खाली घसरून थांबत होती, आणि पत्रा ठेवायला माणूस त्याच जागी हात घालतो.

कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी मला जो राग आला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. "अगं, एका स्पेलिंगचं एवढं काय?" असं इथं अनेकजण म्हणतात. गावाकडचेही म्हणतात, "त्यांचीच भाषा, त्यांना हवी तशी लिहितील." मला ते पटत नाही.

मी वुल्वरहॅम्प्टनजवळच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याआधी आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत होते. पण लिहिलेल्या अक्षराची धास्ती मला कारखान्यानं लावलेली नाही, ती घरातून आली. आमचे आप्पा बेळगावातल्याच शहापुरात पाट्या रंगवायचे. फ्लेक्स यायच्या आधीचे दिवस. बेळगावात पाटी म्हणजे तीन लिप्या: कन्नड, मराठी, इंग्रजी. कुठली वर, कुठली मोठी, यावरून आपल्याकडे काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आप्पांचं म्हणणं एकच होतं, की रंग लावायचा तर तिन्ही भाषा शुद्ध पाहिजेत. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. मराठीत तो भेदच नाही, म्हणून शंका आली की आप्पा शेजारच्या गल्लीतल्या कन्नड मास्तरांकडे कागद घेऊन जायचे आणि विचारून यायचे.

खडू लावलेली दोरी ताणून पत्र्यावर फटकन मारायची, रेष उमटली की त्यावर पेन्सिलीनं अक्षरं काढायची. मग आप्पा दोन पावलं मागं सरकत आणि इंग्रजी शब्द उलटा वाचत, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. सरळ वाचलं की डोळा मनातला शब्द वाचतो, पाटीवरचा वाचत नाही, असं ते म्हणायचे. ते झालं की मला वाचायला लावायचे. मी सहावीत असेन. आमची शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. पाटीवरच्या रंगाचा वास आणि स्पेलिंग या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत.

इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मला कळेचना, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी तेच या चुका का करतात. 'देअर'ची तीन स्पेलिंगं खुशाल एकमेकांच्या जागी. 'यू आर'च्या जागी 'तुझं' या अर्थाचं 'युअर'. 'शुड हॅव'च्या जागी चक्क 'शुड ऑफ'. बाजारात टोमॅटोच्या पाटीवर नुसत्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी, ते अक्षराच्या डोक्याशी येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह. आपल्याकडच्या इंग्रजीत चुका पुष्कळ, आपण 'डिस्कस अबाउट' म्हणतो, 'रिटर्न बॅक' म्हणतो, पण 'शुड ऑफ' आपल्याकडचा माणूस सहसा लिहिणार नाही.

हळूहळू उलगडा झाला. त्यांच्याकडे भाषा कानातून आली, आईच्या मांडीवर. अक्षरं मागाहून शाळेत भेटली. बोलताना 'शुड हॅव'मधला 'हॅव' इतका आखडतो की कानाला तो 'ऑफ'सारखाच लागतो. तिन्ही 'देअर' कानाला एकच. आपल्याकडे सगळं उलट झालं. आपण शब्द आधी डोळ्यानं पाहिला, घोकला, आणि त्याचा उच्चार बऱ्याचदा कित्येक वर्षांनी ऐकला. 'वेड-नेस-डे' म्हणत पाठ केलेला बुधवार कोण विसरेल? 'नाईफ'मधला के आम्ही 'कनाइफ' म्हणून लक्षात ठेवला. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत तो के खरोखरच उच्चारला जायचा. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुढं स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली आणि उच्चार मात्र बदलत राहिले. शहापूरच्या शाळेतली पोरं बाकावर बसून ते जुने उच्चार करत होती म्हणायचं.

आणि कानाची चूक आपल्या मराठीत नाही असं थोडंच आहे? शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, हा नियम. 'आणि' आणि 'नि' हे त्याला अपवाद. तरी निम्मे लोक 'आणी' लिहितात, कारण तोंडात तसाच येतो. आप्पांनी या एका शब्दासाठी एका दुकानदाराची तयार पाटी पदरचा रंग घालून पुन्हा केली होती.

एक गोष्ट मात्र मी या रागातून कायमची वगळली आहे, ती म्हणजे बोली. वुल्वरहॅम्प्टनच्या आसपासच्या आमच्या या भागाला ब्लॅक कंट्री म्हणतात. इथले जुने लोक 'यू आर'ला 'यौ ॲम' म्हणतात, म्हणून आजूबाजूचे त्यांना 'याम-याम' म्हणून चिडवतात. पहिल्यांदा ते चिडवणं ऐकलं तेव्हा मला पुण्याचं होस्टेल आठवलं. मी खोलीतून बाहेर पडताना सहज म्हणाले, "येतो मी." आमच्याकडे बायकाही असंच म्हणतात. त्यावर तिघीजणी पोट धरून हसल्या, आणि पुढं वर्षभर मला "काय करायलीस?" असं मुद्दाम आमच्या हेलात विचारत राहिल्या. ती चूक नव्हती. माझ्या आजीची, आईची भाषा होती, तिला तिचा नियम होता. 'यौ ॲम'लाही तसाच नियम आहे, तो म्हणणारा माणूस रोज तसंच म्हणतो, गोंधळ कुणाचाच होत नाही. वहीतला 'ब्रेक' वेगळा. तो कुठल्याच बोलीतला नाही, तो फक्त न बघता लिहिलेला आहे.

वेगळं दिसलं की चूकच, असंही नसतं. एकदा एका कचेरीत माझ्या दोन कागदांवर जन्मगाव दोन तऱ्हांनी होतं, जुन्यावर बेलगाम आणि नव्यावर बेळगावी. खिडकीतल्या बाईंनी पेन्सिलीनं एकाला गोल केला आणि विचारलं, यातलं चुकीचं स्पेलिंग कोणतं? मी सांगितलं, पहिलं इंग्रजांच्या वेळेपासूनचं, दुसरं सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ पासून लावलेलं. आम्ही घरात दोन्ही म्हणत नाही, आम्ही बेळगाव म्हणतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोल खोडला. मला त्या बाईंबद्दल आदर वाटला. त्यांनी निदान बघितलं होतं आणि विचारलं होतं.

इथंही बघणारे आहेत, हे मला उशिरा कळलं. बर्मिंगहॅमच्या कौन्सिलनं २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर अपॉस्ट्रॉफी द्यायची नाही असं ठरवलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं तर २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवायला संस्थाच काढली होती. २०१९ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकला असं म्हणून त्यांनी ती बंद केली. पुढं दुसऱ्यांनी ते काम हाती घेतलं.

आणि वेल्समधल्या कार्डिफची हकीकत मी आप्पांना फोनवर सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. २००९ मध्ये कंपन्यांच्या सरकारी नोंदणीत 'टेलर अँड सन' नावाच्या कंपनीचं दिवाळं नोंदवायचं होतं. ते नोंदलं गेलं 'टेलर अँड सन्स'च्या नावावर. एक एस जास्त. ही वेगळीच, चांगली चाललेली कंपनी, पण माल देणारे उधारी बंद करून बसले आणि कंपनी बुडाली. २०१५ मध्ये कोर्टानं नोंदणी कचेरीला जबाबदार धरलं. आप्पा एवढंच म्हणाले, "शेवटचं अक्षर. उलटं वाचलं असतं तर पहिल्यांदा तेच दिसलं असतं."

त्या ब्रेकच्या दिवशी मी कुणावर ओरडले नाही. दुपारी एक पांढरा पत्रा घेतला, दोरी ताणून खडूच्या दोन रेषा मारल्या आणि दोन्ही 'ब्रेक' एकाखाली एक लिहिले. एकाशेजारी ब्रेकचं चित्र, दुसऱ्याशेजारी दुभंगलेला पत्रा. वहीच्या वर तो टांगला. रात्रपाळीवाला साठीचा माणूस आहे, जन्मापासून इथल्याच टिप्टनचा. त्यानं पाटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी वहीत दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत ई-ए-के लिहून त्यानं काट मारली होती आणि पुढं ठळक अक्षरात ए-के-ई. मी फोटो काढून आप्पांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"ब्रेक बरोबर हाय," ते म्हणाले. "खालच्या ओळीतला 'देअर' बघ तेवढा."