दाजीपूरला जाताय? मग एक रात्र मुक्काम ठेवाच

कोल्हापूर ते दाजीपूर ऐंशी किलोमीटर. सकाळी आठला निघायचं, साडेदहाला अभयारण्याच्या गेटवर पोचायचं, दुपारी जंगलातून फेरी आणि दिवेलागणीला घरी, असा बेत बरेच जण करतात आणि ‘गवा काही दिसला नाही’ म्हणत परत येतात. दिसणार कसा? गवा पहाटे आणि उन्हं कलल्यावर सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या, गवत माजलेल्या पठारावर, चरायला बाहेर पडतो. ऊन तापलं की दाट झाडीत शिरतो आणि रवंथ करत बसतो. दुपारच्या फेरीत आपण नेमके त्याच्या विश्रांतीच्या वेळी हिंडत असतो. पहाटे गेटवर हजर व्हायचं तर कोल्हापुरातून चारला गाडी काढावी लागते, तीही धुक्यातून आणि वळणांच्या रस्त्यानं. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी पोचा आणि तिथंच राहा. एका मुक्कामात एक संध्याकाळ आणि एक पहाट हाती लागते.

हे जंगल कोल्हापूर संस्थानाचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून ते जाहीर झालं, १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं आणि आज त्याचं क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्या यादीत कास, कोयना आणि चांदोलीसोबत राधानगरीही आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि गोवा-कर्नाटकातली जंगलं यांना जोडणारा पट्टाही हाच. पण ताडोबाची सवय घेऊन इथं येऊ नका. तिथलं रान पानगळीचं, उन्हाळ्यात लांबवर नजर जाते. इथं अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची निमसदाहरित झाडी आहे. वीस पावलांवर उभा असलेला गवाही दिसत नाही. म्हणून झाडीत शोधत फिरण्यापेक्षा मोकळ्या सड्याच्या कडेला थांबणं जास्त फळतं. सावराईचा सडा त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

रस्ता सरळ आहे. हळदी, परिते, भोगावती करत राधानगरी, तिथून धरणाच्या कडेनं फेजिवडे, हसणे आणि दाजीपूर. पुढे हाच रस्ता फोंडा घाटानं कोकणात उतरतो. पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं राधानगरीतच घेऊन टाका, कारण पुढे मोबाइलची रेंज येत-जात राहते आणि ऑनलाइन पैसे अडकतात. शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी धरण वाटेतच आहे. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. ते परतीच्या दुपारसाठी ठेवा, जाताना वेळ घालवू नका.

आत जायला वनविभागाची परवानगी लागते. ओळखपत्र जवळ हवं. गाडीचे नियम, शुल्क आणि वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. पावसाळ्यात जंगलफेरी बंद असते. गाइड घ्यावाच. तो गावचाच माणूस असतो, आणि काल गवे कुठल्या पाण्यावर आले होते हे त्याला ठाऊक असतं. आतला रस्ता दगडांचा आणि चारीचारींचा आहे. बसक्या गाडीचं पोट खाली घासतं, म्हणून उंच गाडी बघा.

प्राणी दिसण्याआधी त्यांच्या खुणा दिसतात आणि त्या वाचता आल्या की फेरी रिकामी जात नाही. गव्याचा खूर म्हशीच्या खुरासारखाच, दोन फाकांचा आणि गोलसर. सांबराचा त्याहून लहान, पुढे टोकदार. गव्याचं शेणही म्हशीच्या पोवासारखं पडतं. वरचा पापुद्रा ओला, चकचकीत आणि माश्या घोंगावतायत तर ते अलीकडचं. वर कोरडी खपली धरली असेल आणि काडीनं उचकटल्यावर आत शेणकिडे दिसले, तर कळप कधीचाच पुढे गेलाय. वारूळ पुढून फोडलेलं आणि भोवती नखांचे ओरखडे दिसले तर ते अस्वलाचं काम. विष्ठेत केस दिसले की बिबट्या किंवा रानकुत्रा. डोक्यावर उंच फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर तिथंच थांबा, ते शेकरूचं घरटं असू शकतं. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं तरी शेकरू आत असेलच असं नाही. खाली अर्धवट कुरतडलेली ताजी फळं पडलेली असतील तर मात्र मान वर करून दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

गव्याची नजर बेताची, नाक मात्र फार तिखट. चिमूटभर बारीक माती सोडून बघा, वारा तोंडावर येईल अशा बाजूला बसा. दुपारनंतर वारा बहुधा कोकणाकडून, म्हणजे पश्चिमेकडून चढतो, पण कड्याजवळ तो फिरतो, तेव्हा दर अर्ध्या तासानं पुन्हा बघावं. अत्तर, डिओ आणि डासांचं वासाचं मलम लावून सड्यावर बसू नये. कपडे मळखाऊ रंगाचे. दुर्बीण आठ पट, बेचाळीस मिलिमीटरची पुरे. याहून जास्त पट घेतली तर हात हलल्यावर चित्र थरथरतं आणि पहाटेच्या अंधूक उजेडात ते काळपट दिसतं.

पाटीवर ‘बायसन’ लिहिलेलं असलं तरी हा बायसन नव्हे. बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो, गवा हा वेगळा प्राणी आहे. वयात आलेला नर काळाकुळकुळीत, खांद्यापाशी सहा फुटांच्या आसपास, वजन टनापर्यंत. माद्या आणि पिल्लं तपकिरी. गुडघ्याखाली पांढरे मोजे मोठ्या नर-माद्या दोघांनाही. लोक इथं एक चूक हमखास करतात. नर गवा अंगाची पूर्ण बाजू दाखवून आडवा उभा राहिला की फोटोसाठी थांबलाय असं वाटतं आणि माणूस दोन पावलं पुढे सरकतो. ते आडवं उभं राहणं म्हणजे ‘माझा आकार बघ आणि मागे हो’ अशी ताकीद असते. त्यानंतर जोरात फुंकर टाकणं, मग डोकं खाली घेणं, आणि मग धाव. पहिल्याच ताकिदीला, पाठ न फिरवता, हळूहळू मागे सरका आणि जाड बुंध्याच्या आड जा. गाडीत असाल तर हॉर्न वाजवू नका, मादी आणि पिल्लाच्या मध्ये गाडी घालू नका, गव्याला निघायला वाट मोकळी ठेवा. पन्नास मीटरच्या आत तर जाऊच नये. माणसांच्या पाठलागानं गव्याचं काय होतं ते डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला दिसलं. वाट चुकून वस्तीत आलेला गवा गर्दी आणि धावपळीनंतर त्याच दिवशी मेला. भीतीनं आणि धावून धावून या जनावराच्या शरीरावर येणारा ताण त्याचा जीव घेऊ शकतो. जंगलातही आरडाओरडा करून कळप पळवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मुक्काम. अभयारण्यात वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही. वनविभागाची राहण्याची सोय दाजीपूरला आहे, ती आधी आरक्षित करावी लागते. नाहीतर ओलवण, दाजीपूर, राधानगरी भागात घरगुती मुक्काम मिळतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर नाचणीची भाकरी आणि गरम कालवण मिळतं, स्वयंपाकाचा व्यापच वाचतो. तंबूच हवा असेल तर गावकऱ्याच्या खासगी जागेत, त्यांना विचारून, घराच्या हाकेच्या अंतरावर लावा. तिथं शौचालय मिळतं, आणि ही गोष्ट किरकोळ नाही, कारण जांभ्यात वीतभर खड्डाही खणता येत नाही.

तंबूचे खिळेही याच कारणानं आत जात नाहीत. हाणत बसलात तर वाकतात. स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू आणा आणि दोऱ्या दगडांना बांधा. दोरीच्या टोकाला एक लहान दगड किंवा जाड काटकी अडकवायची आणि तिच्यापुढे, तंबूच्या बाजूला, पाच-सहा किलोचा धोंडा दोरीवर ठेवायचा. दोरी ताणली की काटकी धोंड्याला अडते आणि सगळं घट्ट बसतं. दोरी थेट धोंड्याभोवती गुंडाळली तर खडबडीत कडेवर घासून तुटते. धोंडा उचलताना हाताची बोटं खाली घालू नका. काठीनं पलीकडची कड उचलून स्वतःकडे कलता करा, म्हणजे खालचं फुरसं किंवा विंचू आपल्या विरुद्ध बाजूला निघेल. सकाळी धोंडे होते तिथं परत ठेवा, त्यांच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दव मजबूत पडतं. थंडी वाजते म्हणून लोक तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करतात आणि पहाटे आतून पाणी ठिबकायला लागलं की तंबू गळका आहे म्हणतात. ते पाणी आपल्याच श्वासाचं. वरच्या झडपा उघड्या ठेवा, बाहेरचं आवरण इतकं ताणा की ते आतल्या कापडाला टेकणार नाही. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक कडेबाहेर आलं असेल तर दव त्यावरून ओघळून खाली शिरतं, ते आत दुमडा. थंडी खरी लागते ती खालून, दगडातून. जाड पांघरुणाआधी दहा-बारा मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी घ्या. खोलगट जागा टाळा, तिथं गार हवा साठते. पाण्याकडे उतरणारी जनावरांची वाट तर टाळाच.

शेकोटी नको. जानेवारीपासून सड्यावरचं गवत वाळून कोळ होतं, एक ठिणगी पुरते. अभयारण्यात आग लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. चहासाठी गॅसची शेगडी, तीही जागेवरच, भोवतालचं मीटरभर गवत काढून आणि बादलीभर पाणी शेजारी ठेवून. उरलेलं अन्न हवाबंद डब्यात घालून गाडीत ठेवा, नाहीतर रात्री उदमांजर किंवा रानडुक्कर येणारच. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा.

जळवांचा त्रास पावसाळ्यात. पायमोज्यात पँट खोचायची, चिकटलीच तर नखानं तिचं लहान तोंड बाजूला सरकवायचं, ओढायचं नाही. थंडी-उन्हाळ्यात गोचिडांकडे लक्ष हवं. शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो ताप गोचिडीतूनच पसरतो. फेरीनंतर काखा, जांघा, कानामागे बघा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चुना, काडीचा चटका यांपैकी काही नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनरक्षकाला कळवा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. साप चावला तर हात-पाय हलू न देता लगेच सरकारी दवाखाना गाठा. मोठ्या उपचारासाठी कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय आहे. झुडपांत असणाऱ्या चापड्याच्या विषावर आपल्याकडची सर्पदंशाची लस लागू पडत नाही, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीच आहे. त्यामुळे फांदीला हात लावण्याआधी फांदी बघा.

गव्यांसाठी डिसेंबर ते मार्च उत्तम. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, मग उरलेल्या पाण्यावर जनावरं नक्की येतात, पण ऊन सोसायची तयारी हवी. आणि मेअखेर, पहिल्या पावसाच्या आधी-मागे, काजवे. झाडच्या झाड एका लयीत लुकलुकतं. तो उजेड नर-मादीचा एकमेकांना दिलेला इशारा असतो, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च लावला की त्यांची भेटच हुकते. गाडी रस्त्यावर उभी करून दिवे बंद करा, पायवाट सोडून गवतात उतरू नका, बऱ्याच माद्या तिथंच खाली बसलेल्या असतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गप्प बसलं की आधी न दिसलेली झाडंही उजळलेली दिसू लागतात.