क्रूझच्या आधी आईचा पासपोर्ट रिन्यू केला, त्याचा सगळा वृत्तांत

आम्ही चौघं ऑक्टोबरमध्ये क्रूझला जाऊन आलो, मी, नवरा, मुलगा आणि माझी आई. सात रात्री, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघायचं, मग मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, पॅटमॉस, ऱ्होड्स, क्रीटमधलं हेराक्लिओन, सँटोरिनी आणि परत पिरेयस. बोट १० ऑक्टोबरला सुटणार होती आणि १७ ला परत येणार होती. बेटं कशी होती ते शेवटी थोडं सांगेनच, पण मला खरं लिहायचंय ते पासपोर्टबद्दल, कारण ही ट्रिप तिथेच अडकली असती.

बुकिंग जानेवारीतच झालेलं. मे महिन्यात एका संध्याकाळी सगळ्यांचे पासपोर्ट काढून बसले, ऑनलाइन चेक-इनची माहिती आत्ताच भरून टाकू म्हणून. आईच्या पासपोर्टवर एक्सपायरी २ फेब्रुवारी. क्रूझ ऑक्टोबरात संपतेय, पासपोर्ट फेब्रुवारीपर्यंत चालतोय, म्हणजे साडेतीन महिने हातात आहेत, मग काय प्रश्न आहे? आईपण हेच म्हणाली, "अगं चालतोय ना अजून, कशाला धावपळ." मी फॉर्म भरायला घेतला आणि तारीख टाकल्या टाकल्या लाल अक्षरात सूचना आली की क्रूझ संपल्यापासून पुढे सहा महिने पासपोर्ट व्हॅलिड असला पाहिजे. सतरा ऑक्टोबर अधिक सहा महिने म्हणजे सतरा एप्रिल. आईचा पासपोर्ट कंपनीच्या हिशोबाने अडीच महिने कमी पडत होता.

इथेच बहुतेकांची गफलत होते असं मला वाटतं. पासपोर्टवर जी तारीख छापलेली असते ती प्रवासासाठी खरी शेवटची तारीख नसतेच. खरी तारीख त्याच्या कितीतरी अलीकडे असते आणि ती कुठेही छापलेली नसते, आपणच मोजायची असते. शेंगेन म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं त्यांचा गट, ग्रीस त्यातच येतो. या देशांचा नियम आहे की तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने पासपोर्ट व्हॅलिड हवा आणि तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. या नियमात आई बसत होती. तुर्कस्तानचा हिशोब वेगळा, तिथे जितके दिवस राहायची परवानगी आहे त्याच्याही पुढे ६० दिवस लागतात. आणि क्रूझ कंपनीने आमच्यासाठी सरसकट सहा महिने लावलेले. मग यातलं कुठलं धरायचं? जे सगळ्यात कडक ते. कारण बंदरावर बोटीत घेणारा माणूस कंपनीचा असतो, त्याच्यासमोर शेंगेनचा नियम वाचून दाखवून काही होत नाही.

सहा महिने कशासाठी हे मला पूर्वी कळायचं नाही. पण विचार करा, बोटीवर कोणी आजारी पडलं, मधल्याच एखाद्या बंदरात हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं आणि तिथे असतानाच पासपोर्ट संपला, तर तो माणूस त्या देशात कागदाशिवाय अडकतो. त्यात क्रूझमध्ये आठवड्यात दोन-तीन देश होतात, त्यामुळे कंपन्या रिस्क घेत नाहीत. विमान कंपन्याही तशाच, काउंटरवर टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये ज्या त्या देशाचे नियम तपासतात आणि नियमात न बसणाऱ्या प्रवाशाला घेऊन गेल्या तर दंड त्यांना बसतो, म्हणून विनवणी करून उपयोग होत नाही. अशा वेळी पैसे पण सहसा परत मिळत नाहीत आणि कागद अपुरे म्हणून बोट चुकली तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले साधारणपणे हात वर करतात.

तर मग रिन्यू करायचं ठरलं. अपॉइंटमेंट जूनमधली मिळाली. फॉर्म भरणं सोपं होतं, अडलं ते फोटोत. पहिला फोटो परत आला कारण चष्म्याच्या काचेत लाइटचा पांढरा ठिपका होता, दुसरा परत आला कारण मागच्या भिंतीवर सावली पडलेली. तिसऱ्या वेळी चष्मा काढला, आईला भिंतीपासून दोन पावलं पुढे उभं केलं, उजेड समोरून येईल असं बघितलं, तेव्हा चालला. या परत येण्यात आमचे दहा दिवस गेले, म्हणून फोटो पहिल्याच वेळी नीट काढा, चष्मा काढून, तोंड मिटून, केस कपाळावरून मागे, न हसता. ज्यांचे आई-वडील वयस्कर आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, वयाबरोबर बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन ठसे घेत नाही. आईचा अंगठा पाच वेळा ठेवला, शेवटी तिथल्या बाईंनी ओल्या कापडाने बोटं पुसून जरा दाबून ठेवायला सांगितलं तेव्हा आले. मी तर आता सांगेन की आदल्या रात्री हाताला क्रीम चोळून ठेवा आणि आई-बाबांना धीर द्या, कारण दोन-तीनदा मशीन नाही म्हणालं की ते बिचारे घाबरतात, आपलीच काहीतरी चूक झाली असं त्यांना वाटतं.

जुना पासपोर्ट देताना एक गोष्ट जरूर बघा. त्यात एखाद्या देशाचा अजून चालू असलेला व्हिसा असेल तर काउंटरवर आधीच सांगा की ते पान फाडू किंवा कापू नका आणि जुना पासपोर्ट मला परत हवाय. उदाहरणार्थ अमेरिकेचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टमध्ये असला तरी मुदत आहे आणि स्टिकर धड आहे तोवर चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे एवढंच. आईचा जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळाला. तिने तो कितीतरी वेळ हातात धरून ठेवला, पानं उलटत बसली, कारण त्यात बाबांबरोबरच्या एकुलत्या एका परदेश प्रवासाचे शिक्के होते. ते निळसर शिक्के आता पुसट झालेत, एकाची तर तारीखच वाचता येत नाही, पण तिने बोट ठेवून सांगितलं, "हा उतरलो तेव्हाचा, आणि हा परत निघालो तेव्हाचा." तेव्हा जुना पासपोर्ट मागून घ्या, व्हिसा असो नसो.

नवा पासपोर्ट जुलैत हातात आला. मला वाटलं संपलं काम. पण नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा असतो आणि तोपर्यंत जुना नंबर मी कुठे कुठे देऊन बसले होते ते मला आठवेना. विमानाचं तिकीट, क्रूझचं चेक-इन, इन्शुरन्सची पॉलिसी, व्हिसाचा अर्धवट भरून ठेवलेला फॉर्म. एकेक करून सगळीकडे नंबर, काढल्याची तारीख आणि एक्सपायरी बदलली. एक जागा तरीही राहिलीच, ते पुढे येतंय.

नंबर टाइप करताना सावकाश करा. फोटोच्या पानाच्या तळाला दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरं, मधे बाणासारख्या खुणा, ती मशीनने वाचायची जागा. दुसऱ्या ओळीची सुरुवात पासपोर्ट नंबरने होते, पुढे देशाचं अक्षर, जन्मतारीख, आणि त्याच ओळीत एक्सपायरी वर्ष-महिना-दिवस अशा उलट्या क्रमाने लिहिलेली असते. वर छापलेला नंबर आणि या ओळीतला नंबर जुळवून बघा, शून्य आहे की ओ अक्षर आहे याचा घोळ तिथे बरेचदा सुटतो. नावसुद्धा या पानावर जसं आहे तसंच बुकिंगमध्ये हवं, मधलं नाव असेल तर त्याच्यासकट.

आता व्हिसा, ज्यांना लागतो त्यांच्यासाठी. व्हिसाचं स्टिकर पासपोर्टच्या पानावर लागतं त्यामुळे आधी पासपोर्ट आणि मग व्हिसा, हा क्रम उलटा करू नका. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, शिवाय दोन पानं कोरी लागतात. आमच्या रूटमध्ये एक मेख होती जी एजंटच्याही लक्षात आली नव्हती, बोट मिकोनोसहून कुशादासीला जाते म्हणजे शेंगेनच्या बाहेर पडते आणि तिथून पॅटमॉसला येते म्हणजे परत आत शिरते, म्हणून सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत शिरू देणारा व्हिसा चालत नाही, निदान डबल तरी हवा. मी अर्जाला बोटीचा बंदरवार तक्ता जोडला, त्यावर तुर्कस्तानचा दिवस पेनाने गोल केला आणि मल्टिपल एंट्री मागितली. मिळाली. तुमच्या रूटमध्ये मधेच असा बाहेरचा देश येतोय का ते नकाशा समोर ठेवून बघा. आणि तुर्कस्तानसारख्या मधल्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो की नाही हे तुमच्या पासपोर्टप्रमाणे कंपनीकडून लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मुलांच्या पासपोर्टचं वेगळं सांगते. बऱ्याच देशांत मोठ्यांचा १० वर्षांचा असतो पण मुलांचा पाचच वर्षांचा मिळतो, त्यामुळे सगळ्यांचे एकत्र काढले म्हणून सगळ्यांचे एकत्र संपतील असं नसतं. आमच्या मुलाचा होता अजून दीड वर्ष, पण मी तेव्हाच फोनमध्ये रिमाइंडर लावला, एक्सपायरीचा नाही, एक्सपायरीच्या नऊ महिने आधीचा.

दहा तारखेला पिरेयसला बंदरावर पोचलो. मोठा हॉल, रांगा, बॅगा आधीच घेऊन गेलेले. आमच्या तिघांचं दोन मिनिटांत झालं. आईचा पासपोर्ट त्या मुलीने स्कॅनरवर ठेवला, स्क्रीनकडे बघितलं, परत ठेवला, आणि बाजूच्या टेबलाकडे हात केला. झालं होतं काय, तर चेक-इनमध्ये मी नवा नंबर टाकलेला पण बुकिंग करतानाच्या आईच्या प्रोफाइलमध्ये जुनाच राहिलेला आणि प्रवाशांच्या यादीत तो गेलेला. त्या टेबलापाशी आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. आई काही बोलत नव्हती, पर्सचा बंद घट्ट धरून उभी होती, आणि माझ्या पोटात गोळा आलेला कारण पाच महिन्यांची मेहनत त्या एका नंबरावर अडकली होती. सुटका झाली ती कोपरा कापलेल्या जुन्या पासपोर्टमुळे. मी तो सहज बरोबर घेतला होता, तिथल्या माणसाने दोन्ही शेजारी ठेवले, यादीतला नंबर जुन्यावर सापडला, नाव जन्मतारीख जुळली आणि त्याने नवा नंबर घालून बोटीत शिरायचं कार्ड दिलं. तेव्हा दोन गोष्टी करा, नंबर बदलल्यावर कंपनीला फोन करून त्यांच्या यादीत कुठला नंबर दिसतोय तो त्यांच्याकडून वाचून घ्या, आपण सांगू नका, त्यांना वाचू दे. आणि जुना पासपोर्ट बरोबर ठेवा.

बोटीवर गेल्यावर आमचे पासपोर्ट रिसेप्शनने जमा करून घेतले, शेवटच्या रात्री परत दिले. सगळ्याच बोटी असं करत नाहीत, पण काही रूटवर करतात, म्हणून घरूनच फोटोच्या पानाच्या आणि व्हिसाच्या पानाच्या रंगीत झेरॉक्स काढून न्या, एक संच पर्समध्ये, एक बॅगेत, आणि फोनमध्ये फोटो. बंदरावर उतरताना बोटीचं कार्ड, एक झेरॉक्स आणि बोटीच्या पोर्ट एजंटचा नंबर असलेला रोजचा कागद जवळ ठेवायचा. बोट चुकली तर तो एजंटच तुमचा आधार असतो. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, फोन कधीकधी किनाऱ्याची वेळ दाखवतो.

कुशादासीहून एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष बघायला गेलो होतो, संगमरवरी रस्ता उताराचा आणि गुळगुळीत आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी चांगले बूट घालावेत आणि सकाळची पहिलीच बस धरावी कारण नंतर ऊनही वाढतं आणि गर्दीही. सँटोरिनीला बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीने नेतात आणि वर जायला केबल कार आहे, परतीच्या रांगेसाठी तासभर तरी हातात ठेवा. आम्हाला सगळ्यात आवडलं ते पॅटमॉस, छोटं, शांत.

तिथेच धक्क्यावर बसलेलो असताना आईने विचारलं की नवा पासपोर्ट कधीपर्यंत आहे. मी म्हटलं अजून जवळजवळ दहा वर्षं. ती म्हणाली, "मग सहा महिने वजा करून सांग."