तुम्ही विचारलंत म्हणून: खाजगी शाळांना वेगळं खेळवायचं का?

ऑगस्टात तालुका स्पर्धा सुरू झाल्या की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. "बाई, ह्या फीवाल्या शाळांच्या स्पर्धा वेगळ्या का घेत नाहीत? आमच्या पोरींनी कायम दुसरंच यायचं का?" विचारणारा बहुतेक वेळा हरलेल्या संघातल्या मुलीचा बाप असतो, कधी नवा लागलेला क्रीडाशिक्षक. मी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात पीटी शिकवून निवृत्त झाले आणि खो-खोची पंच म्हणून अजून मैदानावर उभी राहते, त्यामुळे मी लगेच "हो, घ्यायलाच पाहिजेत" म्हणेन असं त्यांना वाटतं. माझं उत्तर 'नको' असं आहे. पण ते गळ्यात शिट्टी आणि पुढचा सामना ताटकळलेला असताना देता येत नाही, म्हणून लिहून काढते.

ज्यांची मुलं खेळत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवतं. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे एकाच विभागात येतात. खो-खो, कबड्डीसारख्या सांघिक खेळात जिंकलेल्या शाळेचा संघ पुढच्या पायरीवर जातो. वयाप्रमाणे गट आहेत, मुला-मुलींचे वेगळे आहेत, पण शाळेच्या पटाप्रमाणे गट नाहीत. आठवी ते दहावी मिळून सव्वाशे मुलं असलेली वाडीवरची शाळा आणि बालवर्गापासून बारावीपर्यंत दोन-अडीच हजार पट असलेली शहरातली शाळा, दोघींच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात. त्यात तालुक्याला बाद पद्धत. पहिल्याच सामन्यात मोठ्या शाळेशी गाठ पडली तर वर्षभराचा सराव सकाळी अकराच्या आत संपतो आणि पोरी डबा घरी जाऊन खातात.

आणि प्रश्न ढालीपुरता नाही. वरच्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यामुळे बाप चिडतो ते मला कळतं.

पण वेगळं काढायचं म्हणजे रेघ मारायची कुठे? जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत सातवी-आठवीला संपते. पुढचं हायस्कूल कुठल्या ना कुठल्या संस्थेचं. कागदोपत्री आमची शाळाही खाजगीच होती, अनुदानित इतकंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला सुरू केलेली आणि 1924 मध्ये साताऱ्याला आणलेली रयत शिक्षण संस्था सरकारी नाही, पण गावोगावच्या गरिबांची पोरं तिथेच शिकली. सरकारी आणि खाजगी अशी सरळ वाटणी केलीत तर रयतेचं खेड्यातलं हायस्कूल आणि लाखभर फी घेणारी निवासी शाळा एका बाजूला येतील. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 ची, देशातली पहिली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली. तिची मैदानं पाहिलीत तर तिला 'बिचारी सरकारी शाळा' म्हणायला तुमची जीभ रेटणार नाही.

माझी भाची शिकागोजवळ असते, तिची मुलगी तिथल्या सरकारी शाळेकडून व्हॉलीबॉल खेळते. तिकडेही हेच भांडण, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जुनं. फरक असा की तिकडे सरकारी शाळेला हद्द असते. त्या हद्दीत राहणाऱ्याच मुलांना ती घेते. खाजगी शाळेला हद्द नाही, ती कुठूनही मूल आणू शकते. म्हणून इलिनॉयने हिशेब काढला: हद्द नसलेल्या शाळेचा पट 1.65 ने गुणायचा आणि येईल त्या आकड्याच्या गटात तिला खेळवायचं. सहाशे मुलांची शाळा खेळापुरती 990 मुलांची धरली जाते. शेजारच्या इंडियानाने शाळा कुणाची हे बघायचंच सोडून दिलं. जो संघ सलग जिंकतो त्याला वरच्या गटात ढकलतात, मग तो सरकारी असो की खाजगी. टेक्सासने सरकारी आणि खाजगी शाळांना जवळजवळ वेगळंच ठेवलंय, एखाद-दोन अपवाद सोडून. मला इंडियानाची रीत त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. पण आपल्याकडे मुळात पटाप्रमाणे गटच नाहीत, तर वरच्या गटात ढकलणार कुणाला? आणि हद्द तर आपल्याकडे अनुदानित शाळेलाही नाही. एसटी जाते तिथवर आमची हद्द.

एसटीवरून सांगते, कारण खरा फरक तिथे आहे. गावाकडच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्या पासामुळेच आमच्या कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्या. पण शाळा सुटणार पाचला आणि गाडी साडेपाचला. ती चुकली तर पुढची मुक्कामी, अंधार पडल्यावरची. म्हणजे सरावाला मिळाला अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं कपडे बदलण्यात आणि दप्तरं गोळा करण्यात. फीवाल्या शाळेची स्वतःची बस असते, ती सराव संपेपर्यंत थांबते. तिथल्या मुलीला घरी जाऊन पाणी भरायचं नसतं, शेरडं बांधायची नसतात. आमची कप्तान एकदा मला म्हणाली, "बाई, मला सहाचा सराव चालंल, पर म्हशीला चालत न्हाई." ह्यावर कुठला क्रीडा अधिकारी काय नियम काढणार?

दुसरी गोष्ट मॅटची. आमच्या पोरी मातीवर वाढल्या. तालुक्याला माती, जिल्ह्यालाही बऱ्याचदा माती, आणि वर गेलं की मॅट. मातीवर अनवाणी पळणाऱ्या मुलीचे तळवे मॅटवर सोलून निघतात, बूट घातले तर वळताना पाय अडकतो, खांबाजवळचा सूर चुकतो. वर्षभर मॅटवर खेळलेली मुलगी तिथे सहज वळते. प्रेक्षकांना वाटतं, खेड्यातल्या पोरी घाबरल्या.

तिसरी गोष्ट पीटीच्या सरांची. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षक मंजूर करतात त्यात, जागा पटावर ठरतात. पट घसरला की पहिली गदा कला आणि पीटीवर येते. मग भूगोलाचे सर शिट्टी गळ्यात घालतात आणि पीटीचा तास दहावीच्या गणिताला जातो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण आणि खेळाचं साहित्य हवं असं लिहिलंय. सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा असंही लिहिलंय. कागद उत्तम आहे.

आता ज्याबद्दल मला खरोखर राग आहे ते. जूनमध्ये पोरं उचलतात.

पाचवी-सहावीपासून एखादी मुलगी घडवायची. ती नववीत येते, जिल्ह्याला चमकते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या घरी कुणीतरी गाडी घेऊन जातं. फी माफ, हॉस्टेल माफ, बूट, किट, दोन वेळचं दूध-अंडी. जूनमध्ये दाखला निघतो आणि ऑगस्टात तीच मुलगी आमच्यासमोर दुसऱ्या रंगाच्या जर्सीत. असं आमच्या बाबतीत झालंय, इतरांच्याही झालंय. त्या मुलीला मी अडवलं नाही, अडवणारही नाही. तिचे वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, घरी आजी. तिला तिथे पोटभर जेवण मिळणार होतं. "जाऊ दे का बाई?" म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी "जाऊ द्या" म्हणाले आणि हेडसरांना सांगून दाखला त्याच दिवशी काढून दिला.

पण मागे राहिलेल्या अकरा जणींचं काय? खो-खोत मैदानात नऊ लागतात. आमच्याकडे राखीव धरून जेमतेम बारा जमत. त्यातली सगळ्यात पळणारी गेली की त्या वर्षीचा संघ बसला. तिला एकटीला उचललं तरी किंमत सगळ्या संघाने मोजली. आणि ज्या शाळेने तिला नेलं त्या शाळेला तिच्यावर सहावीपासून घाम गाळावा लागला नाही, तयार खेळाडू मिळाली.

म्हणून शाळा कुणाची ह्यापेक्षा मुलगी त्या शाळेत कधी आली, हे मला महत्त्वाचं वाटतं. मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेकडून खेळलेला मुलगा किंवा मुलगी ह्या वर्षी नव्या शाळेच्या सांघिक संघात नको, असा साधा नियम करा. बापाची बदली झाली, घरच दुसऱ्या गावाला गेलं, तर सूट. वैयक्तिक खेळांना हा नियम नको. ह्यात खेळाडूचं एक वर्ष वाया जातं, सोळा वर्षांच्या पोरीला एक प्रमाणपत्र कमी मिळतं, आणि तो तोटा मी लहान मानत नाही. पण तिला हॉस्टेल मिळेल, मॅट मिळेल, सराव मिळेल, पुढच्या वर्षी ती खेळेल. आणि फक्त ऑगस्टसाठी पोरं जमवणाऱ्याला मात्र तेवढं वर्षभर थांबणं परवडणार नाही.

हा नियम आमच्यासारख्यांनाही लागू झाला पाहिजे. अनुदानित शाळाही पोरं उचलतात; एका संस्थेच्या दोन शाळांत तर दाखले सहज फिरतात. आम्ही सगळे धुतल्या तांदळासारखे असल्याचं सोंग मी आणणार नाही.

वैयक्तिक खेळांत गोष्ट निराळीच आहे. तिरंदाजी घ्या. आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. ती घडली अकादमीत. अशा खेळात प्रवेशिकेवर शिक्का शाळेचा असतो आणि घाम अकादमीचा. तिथे 'कुठली शाळा जिंकली' ह्याला फारसा अर्थच उरत नाही. ज्याच्या घरच्यांना अकादमी आणि धनुष्य परवडतं तो उभा राहतो, नाहीतर कुणी हात देणारा भेटावा लागतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. मजुरी करणाऱ्या आईबापांचा, जिल्हा परिषद शाळेतला मुलगा. गुरुजींनी हेरलं आणि शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला उचललं. ते उचलणं मला मान्य आहे. प्रबोधिनी जिंकायला म्हणून तुमच्या शेजारच्या शाळेचा संघ मोडत नाही.

माणातल्या माणसांना आमच्या मोहीच्या ललिता बाबरचं नाव सांगायला नको. 2016 मध्ये रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई. तिचं नाव निघालं की माझी छाती फुगते. पण बक्षीस समारंभात एखादे पाहुणे "बघा, मोहीच्या ललिताला कुठे मैदान होतं? जिद्द पाहिजे!" म्हणतात तेव्हा माईक हिसकावून घ्यावासा वाटतो. एकीने दगडधोंड्यांतून वाट काढली म्हणून बाकीच्यांना दगडधोंड्यांतच पळवायचं?

फीवाल्या शाळांचीही बाजू आहे. तिथल्या पोरी फुकट जिंकत नाहीत, पाचला उठतात. आणि त्यांचा संघ नववीत फुटतो, हे आमच्या लोकांना दिसत नाही. क्लास लागतात, "आता खेळ पुरे" असं घरून येतं. 14 वर्षांखाली ज्या आमच्यावर धो धो गुण करतात, त्यातल्या निम्म्या 17 वर्षांखाली दिसतच नाहीत. तिथे आमच्या पोरी त्यांना दमवतात, कारण त्यांना दमच जास्त असतो. मी पंच म्हणून असे सामने पाहिलेत. ते सामने वेगळ्या स्पर्धांत कधी झालेच नसते, आणि त्या दिवशी आमच्या पोरींच्या चालण्यात जो फरक पडतो तोही पडला नसता.

सांगलीकर म्हणतील, आमच्याकडे महापालिका क्षेत्र आणि ग्रामीण वेगळेच खेळतात की. खरंय, सांगली-मिरज-कुपवाडच्या शाळा जिल्हा पातळीवर वेगळ्या खेळतात, त्यामुळे जत-आटपाडीच्या शाळेला जिल्ह्याची ढाल मिळू शकते, आणि ते चांगलंच आहे. पण विभागाला गाठ पडतेच. वेगळं खेळवून प्रश्न एक पायरी वर सरकतो. आणि उद्या 'गरीब शाळांची स्पर्धा' अशी पाटी लागली तर तिच्या प्रमाणपत्राला क्रीडा गुण का द्यायचे, हे विचारायला लोक टपलेलेच आहेत.

त्यापेक्षा तालुक्याला बाद पद्धत सोडा, छोट्या साखळ्या करा. प्रत्येक संघाला निदान दोन-तीन सामने मिळू देत. एक दिवस जास्त लागेल, मैदान आखणाऱ्याचे आणि पंचांचे चार पैसे जास्त लागतील. मी माझं मानधन सोडायला तयार आहे. माझ्याबरोबरच्या पंचांच्या वतीने मात्र बोलत नाही.

आणि पुढच्या वेळी मैदानाच्या कडेला मला हा प्रश्न विचारण्याआधी बापलोकांनी एक काम करावं. आपल्या पोरीच्या शाळेत जाऊन वेळापत्रक मागावं. आठवड्यात पीटीचे तास किती लिहिलेत ते बघावं, मग पोरीला विचारावं, त्यातले खरोखर मैदानावर किती होतात. फरक दिसला तर हेडसरांच्या केबिनमध्ये बसावं. पालक सभेची वाट बघू नये, सभेत सगळे मार्कांवरच बोलतात. आणि साडेपाचच्या गाडीसाठी आगारात अर्ज द्यायचा असेल तर मला सांगा, सही करायला मी येते.