रायझरवर चढवला की ड्रमसेट का घुमतो?

तोच सेट, तोच वाजवणारा. जमिनीवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नेमकी लागते आणि रायझरवर, म्हणजे स्टेजवरच्या पोकळ चौथऱ्यावर, चढवली की घुमायला लागते, असं का? मी साउंडचं काम करतो म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेकांचा संशय उंचीवर असतो, माझा पोकळीवर.

६० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाची लहर जवळपास पावणेसहा मीटर लांब असते. किक दीड-दोन फूट वर गेली म्हणून तिला फारसं काही होत नाही. पण खाली प्लायवुडची फळी आणि तिच्या पोटात कोंडलेली हवा, म्हणजे ड्रमखाली आणखी एक भलामोठा ड्रमच. किकचे टेकू, फ्लोअर टॉमचे पाय, अगदी ड्रमरचं स्टूलसुद्धा कंपनं फळीत उतरवतं. फळीचा स्वतःचा सूर किकच्या सुराजवळ पडला, तर ठोका संपला तरी मागे ‘हुं’ रेंगाळत राहतं.

त्यात माइकचे स्टँडही त्याच फळीवर. हवेतून येणारा आवाज माइक घेतोच, वर स्टँडमधून चढलेली थरथरही घेतो. मिक्सरवर बसून किकचे खालचे सूर कापत बसलेले लोक मी पाहिलेत; आवाज घाण करत असतात बिचारे ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वर लावलेले माइक.

उंचीचा परिणाम दिसतो तो सिंबल (झांजा) आणि स्नेअर (तडतडणारा छोटा ड्रम) यांच्यावर. जमिनीवर असताना ते गायकाच्या पाठीआड असतात. वर गेले की त्याच्या खांद्यावरून थेट त्याच्या माइकमध्ये शिरतात, कारण त्या माइकचं तोंड मागेच असतं. छत बुटकं असेल तर आणखी कठीण. विनामाइक कार्यक्रमात मात्र हीच उंची कामाला येते, कारण सिंबलचा आवाज पुढच्या रांगांच्या डोक्यांत अडकत नाही.

सेट चढवण्याआधी मी रिकाम्या रायझरवर टाच आपटून पाहतो. घुमला, तर खालून आडव्या पट्ट्या आणि टेकूंखाली जाड रबर. गालिच्यावर माझा भरवसा नाही. तो सेट सरकू देत नाही, एवढंच. जमतील तितके स्टँड रायझरबाहेर, आणि ओव्हरहेडवर १०० हर्ट्झखालचं सगळं बंद. ड्रमरचा सब मॉनिटर, म्हणजे त्याला खालचे सूर ऐकवणारा स्पीकर, तर रायझरवर ठेवूच देत नाही. सबमधून फळीत, फळीतून माइकमध्ये, माइकमधून पुन्हा सबमध्ये, असं चक्र सुरू झालं की फीडबॅक आलाच. सब बाजूला जमिनीवर, ड्रमर कितीही कुरकुरला तरी.